एका दारी एकच घास

पुण्या-मुंबईच्या कॅफेंमध्ये गेल्या काही वर्षांत एक चीजकेक दिसू लागला आहे. वरून जवळजवळ करपलेला, आतून लोण्यासारखा मऊ, खाली बिस्किटाचा थर नाही. पाटीवर कधी ‘बास्क’ लिहिलेलं असतं, कधी ‘सॅन सेबॅस्टियन’. ते एका गावाचं नाव आहे. त्या गावात ‘३१ ऑगस्ट’ नावाची गल्ली आहे आणि त्या गल्लीत ‘ला विन्या’ नावाचा बार आहे. एका कुटुंबाने तो १९५९ साली सुरू केला. पुढे याच घरातल्या सान्तियागो रिवेरा यांनी १९९०च्या सुमारास क्रीम चीज, साय, अंडी, साखर आणि नावापुरता मैदा एवढ्यावर हा केक बसवला. तो कडक आचेवर भाजतात, म्हणून वरचा भाग काळा होतो आणि मधला भाग पुरता घट्ट होत नाही. भाजून झालेले केक कागदासकट साच्यांत, बारमागच्या फळ्यांवर रांगेने निवत ठेवलेले असतात. एका बशीत दोन पातळ कापं येतात. मी आधी काळी कड खाल्ली. ती किंचित कडू असते, आणि तिच्यामुळेच आतला गोडवा तोंडात बसत नाही. आपल्याकडचे बहुतेक केक ही कडू कड भीतभीत ठेवतात. ती नसली तर उरतं ते नुसतं गोड दही.

गल्लीचं नाव तारखेचं का, हेही तिथे उभं राहून खाणाऱ्याला ठाऊक असावं. ३१ ऑगस्ट १८१३ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज फौजांनी नेपोलियनच्या सैन्याकडून हे शहर घेतलं आणि मग लुटून जाळलं. जुन्या शहरातलं जवळजवळ सगळं गेलं. या एका गल्लीतली मोजकी घरं तेवढी वाचली. आज आपण ज्या चौकटबंद गल्ल्यांतून खात हिंडतो, त्या या आगीनंतर नव्याने आखलेल्या आहेत.

शहराची नावं दोन. स्पॅनिशमध्ये सान सेबास्तियान, बास्क भाषेत दोनोस्तिया. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, फ्रान्सच्या सीमेपासून वीसेक किलोमीटरवर, बिस्केच्या उपसागराला लागून ते वसलं आहे. वस्ती दोन लाखांच्या आत. बास्क लोक आपल्या भाषेला एउस्कारा म्हणतात. जगातल्या कुठल्याच दुसऱ्या भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. आपल्याला ही माणसं अगदीच परकी वाटायला नकोत. जुन्या गोव्याच्या बाँ जेझूस बासिलिकेत ज्यांचं शव आहे, ते सेंट फ्रान्सिस झेवियर शेजारच्या नवार्राचे. एउस्कारा ही त्यांची मायबोली होती. त्यांचे साथी आणि जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला तर याच गिपुस्कोआ प्रांतातले.

इथे येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, जेवायचं कुठे? मीही विचारला होता. दोन दिवस हिंडल्यावर कळलं की प्रश्नच थोडा चुकतो. ‘काय, कुठे आणि किती वाजता’ असं विचारायला हवं. इथे संध्याकाळचं खाणं एका टेबलावर होत नाही. एका बारमध्ये शिरायचं, तिथला जो एक पदार्थ नावाजलेला आहे तो मागवायचा, सोबत छोटा ग्लास घ्यायचा, उभ्यानेच संपवायचं, पैसे द्यायचे आणि पुढच्या दारी जायचं. ग्लासात बिअरचा ‘सुरितो’ असतो किंवा उंचावरून ओतलेली आंबूस, हलकी फसफसणारी ‘चाकोली’ वाइन. गावकरी मित्रांच्या टोळीने निघतात. तिला कुआद्रिया म्हणतात. सुरुवातीलाच सगळे एकाकडे सारखे पैसे जमा करतात आणि रात्रभर त्याच गंगाजळीतून बिलं भागवतात. अशा फेरीला शब्द आहे चिकितेओ. वाइनच्या छोट्या ग्लासाला चिकितो म्हणतात, त्यावरून तो आला.

खाण्याच्या त्या घासाला म्हणतात पिंचो. मूळ अर्थ टोचणं, कारण पावाच्या तुकड्यावर रचलेलं सगळं एका काडीने टोचून धरलेलं असे. सगळ्या पिंचोंचा बाप म्हणजे ‘खिल्दा’. काडीवर एक हिरवं ऑलिव्ह, जवळच्या इबारा गावची लोणच्यातली कोवळी मिरची आणि तेलात मुरलेला खारा अँचोवी मासा. पाव नाही, शिजवणं नाही. शहराच्या मध्यभागातल्या कासा वायेस या बारमध्ये तो जन्मला असं सांगतात. १९४०च्या दशकात तिथल्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने, होआकिन अराम्बुरू याने, समोर पडलेल्या तीन वस्तू एका काडीला लावल्या. त्याच सुमारास रिटा हेवर्थचा १९४६चा ‘गिल्डा’ चित्रपट गाजत होता. मिरची हिरवी, मासा खारा, आणि एकूण चव थोडी झणझणीत, म्हणून नाव नायिकेचं. स्पॅनिशमध्ये ‘हिरवा’ म्हणजे चावटही, हे कळलं की नावाची गंमत पुरती उलगडते. आपल्या जिभेला ही मिरची तिखट वाटणार नाही. तिचं काम आंबटपणाचं आहे, ती खाऱ्या माशाला आणि तेलाला तोलून धरते. आपण मिठाच्या सुक्या माशाबरोबर कोकमाचं सार घेतो, त्यातली ही जाण आहे.

त्या काडीवरच्या माशाचीही एक कथा आहे. अँचोवी मिठात मुरवण्याचं तंत्र या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीहून आलेल्या लोकांनी आणलं. पुढे उपसा इतका वाढला की बिस्केच्या उपसागरातला हा मासा संपत आला. २००५ साली मासेमारी बंद करावी लागली, आणि पूर्णपणे ती पुन्हा सुरू व्हायला २०१० उजाडलं. पावसाळ्यातली बंदी कोकणात आपण दरवर्षी पाहतो, इथे ती जवळजवळ पाच वर्षं चालली. मासा परत आला. खिल्दा खाताना मला हे सारखं आठवत राहिलं.

अँचोवीसाठीच जायचं तर पेस्कादेरिया गल्लीतल्या चेपेचाकडे जावं. पेस्कादेरिया म्हणजे मासळीबाजार. इथे मासा खारवलेला नसतो, व्हिनेगरात मुरवलेला, पांढराशुभ्र आणि मऊ असतो. भाजलेल्या पावावर तो ठेवून वर काहीतरी घालतात. खेकड्याचं मांस, समुद्री साळिंदराची अंडी, नाहीतर बारीक चिरलेली ढोबळी मिरची आणि कांदा. मी खेकड्याचा आणि भाज्यांचा खाल्ला. भाज्यांचा जास्त आवडला, कारण त्यात मासा पुढे राहतो.

त्याच गल्लीत नेस्तोर आहे, आणि ‘किती वाजता’ हा प्रश्न इथे अक्षरशः लागू होतो. नेस्तोर दिवसातून दोनच तोर्तिया करतो, एक दुपारी एकच्या आणि एक रात्री आठच्या सुमाराला. तोर्तिया म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट. कांदा, हिरवी मिरची, ऑलिव्ह तेलात हळूहळू शिजवलेला बटाटा, आणि मध्ये वाहतं अंडं. तिचे जेवढे तुकडे होतात तेवढ्याच लोकांना मिळते, म्हणून तासभर आधी जाऊन नाव नोंदवावं लागतं. हा नखरा नाही. लहान स्वयंपाकघरात एक तवा नीट सांभाळायचा तर दिवसाला वीस तोर्तिया होत नाहीत, एवढं साधं ते आहे. तोर्तिया नाहीच मिळाली तर टोमॅटो मागवावा. मोठ्या फोडी, जाडं मीठ, भरपूर तेल, बस. टोमॅटोला टोमॅटोची चव असते हे आपण विसरलो आहोत, हे मला त्या बशीने सांगितलं.

नवख्याची एक चूक सांगते, ती टाळता आली तर अर्धा प्रवास सत्कारणी लागेल. बारच्या काउंटरवर पिंचोंचे डोंगर मांडलेले असतात, आणि डोळे भुलतात. ते सगळेच वाईट नसतात, पण त्यातले बरेच सकाळपासून तिथे बसलेले असतात. नजर वर करावी. भिंतीवर एक फळा असतो, त्यावर गरम पदार्थ खडूने लिहिलेले असतात. ते आतल्या चुलीवर मागणीनुसार होतात. गेल्या तीसेक वर्षांत या शहराचं खरं कसब काउंटरवरून त्या फळ्यावर गेलं आहे. फेर्मिन काल्बेतोन गल्लीतल्या बोर्दा बेरीत तर काउंटरवर मांडणीच नसते. तिथे इदियासाबाल चीज घातलेलं, भाताच्या दाण्याएवढ्या पास्त्याचं रिसोत्तो मिळतं. मेंढीच्या दुधाचं हे चीज किंचित धुरकट असतं. ‘३१ ऑगस्ट’ गल्लीला लागून असलेल्या ला कुचारा दे सान तेल्मोमध्येही काउंटर असाच रिकामा. दोन्ही ठिकाणी गालाचं मांस वाइनमध्ये तासन्‌तास शिजवलेलं मिळतं. ते गोवंशाचं असतं, हे ज्यांना चालत नाही त्यांनी लक्षात ठेवावं.

सान खेरोनिमो गल्लीतल्या गान्बारामध्ये काउंटरवर कच्च्या रानअळंब्यांची रास असते. त्यातल्या निवडून तव्यावर परततात आणि मध्ये एक कच्चा पिवळा बलक सोडतात. गरम अळंब्यांत तो मिसळून खायचा. वसंतात वेगळ्या अळंब्या, शरदात वेगळ्या. पावसाळ्यात कोकणात आणि सह्याद्रीत वारुळाजवळ उगवणारी अळंबी ज्याने खाल्ली असेल त्याला हा मातकट, रानटी वास ओळखीचा वाटेल. जुन्या शहरात एकच गोष्ट खाता येणार असेल, तर माझं मत गान्बाराच्या अळंब्यांना.

हे सगळं याच गावात का झालं? एक कारण राजघराण्याचं. १८४५ साली राणी इसाबेल दुसरी समुद्रस्नानासाठी इथे आली. पुढे राजप्रतिनिधी राणी मारिया क्रिस्तिनाने १८९३ साली खाडीवर मिरामार वाडा बांधला आणि उन्हाळ्यात दरबारच इथे येऊ लागला. मागोमाग सरदार, श्रीमंत, फ्रेंच धाटणीची हॉटेलं, कॅसिनो. आजची नगरपालिका त्या जुन्या कॅसिनोच्या इमारतीत आहे. उन्हाळी घरांत स्वयंपाकाला आसपासच्या खेड्यांतल्या मुली लागल्या. शेतघरचा आणि कोळ्याघरचा स्वयंपाक त्यांच्या हाताला होताच, फ्रेंच सॉस त्या तिथे शिकल्या. १९१२ साली निकोलासा प्रादेरा यांनी इथे आपलं रेस्टॉरंट काढलं आणि १९३३ साली त्यांचं पाककृतींचं पुस्तक आलं. बास्क घरांमध्ये ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं.

दुसरं कारण पुरुषांच्या मंडळांचं. इथे स्वयंपाकाची मंडळं आहेत. सगळ्यांत जुन्यांपैकी उनियोन आर्तेसाना १८७० सालचं. सभासदाकडे दाराची किल्ली असते. तो बाजारातून मासळी आणतो, मंडळाच्या चुलीवर मित्रांसाठी शिजवतो, कोठीतलं तेल, वाइन जेवढं वापरलं तेवढं कागदावर लिहितो आणि पैसे पेटीत टाकतो. कुणी मोजायला उभं नसतं. सुतार, वकील, बँकेतला कारकून, सगळे एका चुलीवर. पण बायकांना या स्वयंपाकघरांचं दार शंभर वर्षं बंद होतं. आता अनेक मंडळांत त्या पाहुण्या म्हणून येतात, काही ठिकाणी सभासदही आहेत, पण जुन्या चालीची मंडळं अजून आहेत. पुरुषाने हौसेने रांधावं ही गोष्ट मला मनापासून आवडली. ज्यांच्या हातून हे ज्ञान आलं त्यांनाच बाहेर ठेवावं, ही मुळीच नाही. परक्याला इथे फक्त सभासदाचा पाहुणा म्हणून जाता येतं. असं बोलावणं आलं तर बाकीचा सगळा बेत रद्द करून जावं.

या मंडळांचं गावावर केवढं वजन आहे, ते २० जानेवारीला दिसतं. संत सेबास्तियानच्या त्या दिवशी मध्यरात्री जुन्या शहराच्या संविधान चौकात झेंडा चढतो आणि चोवीस तास ढोल वाजत राहतात. वाजवणारे अर्धे सैनिकांच्या वेषात, अर्धे पांढऱ्या टोप्या घातलेल्या आचाऱ्यांच्या. ग्रामदैवताच्या उत्सवात आचाऱ्याचा पोशाख मानाचा असलेलं दुसरं गाव मला माहीत नाही.

तिसरं वळण १९७६चं. फ्रँको नोव्हेंबर १९७५मध्ये मेला होता. त्याच्या राजवटीत दडपलेली बास्क भाषा आणि ओळख पुन्हा मोकळा श्वास घेत होती. त्या वर्षी माद्रिदच्या एका परिसंवादात फ्रेंच आचारी पॉल बोक्यूज यांना ऐकून हुआन मारी अर्साक आणि पेद्रो सुबिहाना हे दोन तरुण त्यांच्याकडे लियाँला जाऊन राहिले. परत आल्यावर डझनभर आचाऱ्यांना घेऊन त्यांनी ‘नवं बास्क पाकशास्त्र’ सुरू केलं. विसरलेले पदार्थ शोधायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे, नवे रचायचे. महत्त्वाचं म्हणजे जे शिकलं ते एकमेकांना सांगायचं. आपल्याकडे मसाल्याचं प्रमाण सुनेला सांगतानाही हात आखडतो. इथे प्रतिस्पर्ध्यांनी कृती वाटून घेतल्या आणि त्यात सगळ्यांचंच भलं झालं. २०११ साली याच शहरात बास्क कलिनरी सेंटर हे पाकशास्त्राचं विद्यापीठीय महाविद्यालय उभं राहिलं.

अर्साकचं घर १८९७ सालचं, आजोबांनी बांधलेलं खेड्यातलं मद्यगृह. १९८९पासून त्याला मिशेलिनचे तीन तारे आहेत आणि आज हुआन मारींची मुलगी एलेना ते सांभाळते. इगेल्दो डोंगरावर समुद्राकडे तोंड करून सुबिहानांचं अकेलारे, आणि लासार्तेमध्ये मार्तिन बेरासातेगी. एवढ्याशा परिसरात तीन ताऱ्यांची तीन घरं. पैसे असतील आणि महिनोन्‌महिने आधी जागा राखली असेल तर एका ठिकाणी जरूर जावं, आणि मी अर्साकचं नाव सुचवेन, कारण तिथे चार पिढ्यांचा धागा आहे. पण त्यासाठी साठवलेले पैसे मोडून पुढची दोन जेवणं चुकवू नयेत.

पहिलं जेवण सायडरघरातलं. शहराबाहेर सहा-सात किलोमीटरवर आस्तिगारागा आणि एर्नानीच्या सफरचंदबागांत ही सायडरघरं, म्हणजे सागार्दोतेगी, आहेत. सागार्दो म्हणजे सफरचंदाची वाइन, गोडवा नसलेली, आंबट, जवळजवळ न फसफसणारी. जानेवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत ती थेट पिंपातून मिळते. यजमान ‘चोच!’ अशी आरोळी देतो. देवनागरीत लिहिला की हा शब्द आपल्या पाखराच्या चोचीसारखाच दिसतो. मुळात चोच म्हणजे पिंपाच्या भोकाला लावलेली काडी. ती काढली की माणसाएवढ्या पिंपातून सोनेरी धार लांबवर झेपावते. सगळे ताटावरून उठून रांगेने ग्लास तिरका धरतात, धार काचेवर फुटू देतात, दोन बोटं भरली की बाजूला होतात आणि लगेच पितात. पूर्वी खरेदीदार चव घ्यायला यायचे तेव्हा शिदोरी बरोबर आणत, त्यातून हे जेवण वाढलं. बेत ठरलेला आहे. खाऱ्या कॉड माशाचं ऑम्लेट, मग तळलेला कॉड आणि हिरव्या मिरच्या, मग निखाऱ्यावरची चुलेता, म्हणजे वयस्क गाईच्या मांसाचा हाडासकट जाड तुकडा, शेवटी इदियासाबाल चीज, अक्रोड आणि क्विन्स फळाची वडी. चुलेता न खाणाऱ्याचंही या जेवणात पोट भरतं. कॉड बिस्केच्या उपसागरात फारसा होत नाही. सोळाव्या शतकात बास्क दर्यावर्दी देवमासे आणि कॉड मारायला पार न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यापर्यंत जात, तेव्हापासून हा परका, खारवलेला मासा इथला घरचा झाला आहे.

दुसरं जेवण गेतारियात. बसने पंचवीसेक किलोमीटर. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १५२२ साली लवंगांनी भरलेलं जहाज परत आणणारा हुआन सेबास्तियान एल्कानो इथला. त्याच्याच नावाचं एल्कानो रेस्टॉरंट १९६४पासून उभं आहे. तिथे टर्बट हा चपटा मासा डोक्या-शेपटीसकट जाळीत पकडून निखाऱ्यावर भाजतात. टेबलावर तो उघडताना वाढपी एकेक भाग वेगळा देतो. पाठीचं घट्ट मांस, पोटाकडचं तुपकट, कल्ल्याजवळचं मऊ, काट्यांना चिकटलेलं. ते बोटांनी चोखायचं, हे वेगळं सांगावं लागत नाही. हेक माशाच्या हनुवटीखालचा मांसल तुकडा, कोकोचा, तोही इथे निखाऱ्यावर मिळतो. पापलेटचं डोकं कुणाच्या पानात पडणार यावर ज्या घरात भांडण होतं, त्या घरातल्या माणसाला एल्कानो लगेच कळेल. महाग आहे. माझ्या मते या साऱ्या परिसरातलं सर्वांत खरं जेवण तेच.

शाकाहारी वाचकांसाठी स्पष्ट लिहिते. अंडं चालत असेल तर तोर्तिया, अळंब्या, चीजकेक, तळलेल्या हिरव्या मिरच्या, टोमॅटो, इदियासाबाल यांवर तीन दिवस उत्तम जातील. अंडंही चालत नसेल तर फार थोडं उरतं. तोलोसाच्या प्रसिद्ध काळ्या घेवड्याच्या आमटीत डुकराचं मांस असतं, आणि ‘मांस नाही’ म्हणून दिलेल्या बशीवर हॅमचा चुरा येऊ शकतो. ‘हॅमही नको’ हे वेगळं सांगावं.

उन्हाळ्यात जुन्या शहरात पाय ठेवायला जागा नसते, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं घरभाड्यांमुळे हलत आहेत. ऑगस्ट टाळावा. उरुमेआ नदी ओलांडून ग्रोस भागात जावं. तिथे १९२८ सालचं बोदेगा दोनोस्तियारा आहे, गावकरी अजून तिथे येतात. गुरुवारी संध्याकाळी ग्रोसमध्ये ठरलेल्या थोड्या पैशात एक पेय आणि एक पिंचो मिळतो. आत शिरताना ‘काइशो’ म्हणावं आणि निघताना ‘एस्केरिक आस्को’. पहिलं नमस्कार, दुसरं आभार. या दोन शब्दांनी काउंटरपलीकडचा चेहरा बदलतो, हे मी दर बारमध्ये पाहिलं.

एकच दिवस हाताशी असेल तर असं करा. बाराला नेस्तोरकडे नाव लिहा, तोवर चेपेचात एक अँचोवी. एकला तोर्तिया. दुपारी खाडीकाठाने ला कोंचा किनाऱ्याची पूर्ण चंद्रकोर चाला. संध्याकाळी साडेसातला गान्बारा, गर्दी व्हायच्या आत. मग बोर्दा बेरी, मग ला विन्यात चीजकेकची एक बशी. रात्री साडेदहाच्या आसपास स्वयंपाकघरं बंद होतात, आणि सोमवार-मंगळवारी अनेक बार उघडतच नाहीत.